गोड्या पाण्याचा पाहुणचार

माझी थोरली नात पौर्णिमा लग्न होऊन धामणगाव रेल्वेला गेली, त्याच साली आमच्या गावात समुद्र आला.

दर्यापूर आणि अकोल्याच्या मधे, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. विहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर. पण सरकारला खारं पाणी दिसलं आणि सागरी संशोधन प्रयोगशाळा मंजूर झाली. सागरी म्हटल्यावर नियमाप्रमाणे बोटही आली. ती बाभळीखाली ठेवली. पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. सरकारची एवढी उपयोगी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

जागा माझ्या चुलतभावाने, पंजाबरावाने फुकट दिली. त्याच्या विहिरीच्या पाण्यावर कधी काही जगलं नव्हतं. या पाण्यात एक तरी जीव वाढलेला पाहायचा, एवढंच त्याचं मागणं. अमरावतीचे कमलाकांत सर प्रमुख होऊन आले. घराणं भिक्षुकाचं, कोळंबीला हात लागला की आंघोळ करायचे. पण माणूस विद्वान.

कोकणातून कोळंबीची पिल्लं आली. विहिरीच्या पाण्याच्या हौदात ती जगली, वाढलीही. पंजाबराव दिवसभर काठावर बसून असायचा. गोदाबाई वहिनी म्हणायच्या, स्वतःच्या लेकरांपाशी हा माणूस कधी इतका बसला नाही.

सगळं नीट चाललं होतं, म्हणून उद्घाटन ठरलं.

आमच्याकडे पाहुण्याला टँकरचं गोडं पाणी देतात. चहा नसला तरी चालतो. खारं पाणी दिलं तर सोयरीक मोडते. कोकणचे पाहुणे इतके दिवस खाऱ्यात ठेवले, हे गावाला बरं वाटेना. उद्घाटनाच्या दिवशी बाया घरोघरून गोड्या पाण्याची घागर घेऊन आल्या. मंत्रीसाहेबांना हा पाहुणचार फारच आवडला. पहिली घागर त्यांनीच हौदात ओतली. फोटो निघाले. मागे घागरींची रांग लागली.

पंजाबराव सरांजवळ गेला.

"सर, थांबवा न. मरतीन ते. तुमीच तं सांगतलं होतं."

सर टाळ्या वाजवत होते. "मंत्र्यांसमोर कसं बोलायचं, पंजाबराव?"

"मंग मी बोलतो."

तो पुढे झाला, तर गावानेच त्याला धरलं. सरपंच उत्तमराव म्हणाले, "पाहुण्याचं पाणी अडवून राहिला का बे? जाय, बोटीत बस."

लोक हसले. मंत्रीही हसले.

दुसऱ्या दिवशी हौदात सगळी कोळंबी मरून तरंगत होती. वऱ्हाडची हवा कोळंबीला मानवत नाही, असा शोध सरांनी अहवालात लावला. त्या शोधाबद्दल त्यांना बढती मिळाली आणि ते समुद्राकाठी गेले. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पाटी मात्र दर दिवाळीला रंगवतात.

पंजाबराव पुन्हा पिल्लं मागायला अमरावतीच्या कचेरीत जात राहिला. प्रत्येक नव्या साहेबाने त्याला खुर्ची दिली आणि थंडगार गोडं पाणी पाजलं. पिल्लं कोणी दिली नाहीत. इकडे तो विहिरीचं पाणी ओढून हौद भरलेला ठेवायचा. कोणासाठी, असं त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अखेरच्या दिवशी वहिनींनी तुळशीपत्र टाकून टँकरचं पाणी त्याच्या ओठाशी नेलं. त्याने तोंड फिरवलं.

"आपल्या हिरीचं दे," तो म्हणाला.

वहिनींनी ते आणून पाजलं. पंजाबराव यंदा अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.