पंगतीतली जागा

सोलापुरातल्या मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख म्हणून १९३२ साली कमलम्माची निवड झाली. पेठेतल्या व्यापाऱ्याची ही लेक, हुकूम सोडायची तिला सवयच होती. त्याच साली माळशिरसकडच्या मेंढपाळाची मायाक्का तिथं शिकायला आली. अंगाला घोंगडीचा वास येतो म्हणून मुली तिला पंगतीत शेजारी बसू देईनात. कमलम्मानं दोनदा दटावलं, पण कुणी ऐकलं नाही.

त्या आठवड्यात शाळेत शाहिराचा पोवाडा झाला. वेढा पडलेल्या गडावर किल्लेदार शिपायांशेजारी मांडी घालून त्यांचीच कोरडी भाकरी खातो, हे ऐकताना कमलम्माची मान खाली गेली. आपण तरी मायाक्काजवळ कधी बसलो?

संध्याकाळी ती ताट उचलून भिंतीकडेला एकट्या बसलेल्या मायाक्काजवळ गेली.

"सरक की थोडी."

मायाक्का बावरली. "बाई, तुमी हितं कशाला? तितं जागा हाय की."

"मला इथंच बसायचंय. आणि बाई नको, अक्का म्हण."

थोड्या वेळानं आणखी दोघी ताटं घेऊन आल्या. बाकीच्या त्या दिवशी जागच्या हलल्या नाहीत. मायाक्कानं मात्र पहिल्यांदाच दुसरी भाकरी मागून घेतली.