पायाखालचं निळं पत्र

मित्रांनो, एका बाईच्या पत्राचं उत्तर दोन वर्षं गेलं नाही. ते पत्र माझ्या पायाखाली होतं. हे सांगावं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. टेबलानं बोलू नये, आणि बोललंच तर निदान बढाई मारू नये. पण यात बढाईसारखं काही नाही.

मी शिरूर तालुक्यातल्या एका बाजारगावच्या ग्रामपंचायतीतलं जुनं टेबल आहे. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं बहुधा. पहिल्याच उन्हाळ्यात माझा मागचा पाय आखडला आणि मी डुगडुगू लागलो. तरी जन्माचे दाखले, नळाचे अर्ज, सभेचे ठराव माझ्यावरच लिहिले जात. "लई दणकट टेबल हाय," असं लोक म्हणत. मला बरं वाटे आणि थोडी लाजही वाटे.

सन दोन हजारची गोष्ट. ग्रामसेवक सोपानराव दाखला लिहीत होते. मी हललो आणि त्यांचं अक्षर वाकडं गेलं.

"पोपट, ह्या टेबलाचं कायतरी कर बाबा!"

शिपाई पोपटनं टपालातलं एक निळं आंतरदेशीय पत्र उचललं. "ह्यो कागद घिऊ का?"

"घे. जुना असंल." सोपानरावांनी मान वर केली नाही.

पत्र फोडलेलंही नव्हतं. चार घड्या होऊन ते माझ्या पायाखाली गेलं आणि मी स्थिर झालो. मनानं मात्र तेव्हापासून अस्वस्थच राहिलो.

माझ्यासमोरच्या खिडकीतून बाजारतळ दिसतो. बाजार उठला की कोबीचा पाला, सडके टोमॅटो आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एकत्र लोटून पंचायतीची ट्रॉली ओढ्यात ओती. पाणी काळं झालं, वास सुटला. ओढ्यापलीकडे राहणाऱ्या म्हाळसाबाईंची मेंढरं तिथं चरत. पाल्याच्या ओढीनं ती ओढ्यात उतरत.

दोन वर्षांनी, पावसाळ्यात, म्हाळसाबाई कार्यालयात आल्या आणि सोपानरावांसमोर उभ्या राहिल्या.

"आप्पा, माझ्या पत्राचं काय झालं?"

"कसलं पत्र?"

"टपालानं धाडलं व्हतं. लेकीकडनं लिवून घेतलं. पिशव्या खाऊन मेंढरं फुगत्यात. सात गेली."

"अवो, घर दिसतंय तुमचं हितनं! तोंडानं सांगायचं."

"तोंडानं सांगितलं की तुम्ही 'बघू' म्हणता. कागदाला उत्तर द्यावं लागतंय म्हणं."

सोपानरावांनी नोंदवही चाळली. "न्हाई आलेलं."

"आसू द्या. पाच गाभण हायेत. दसऱ्यापातुर काय झालं न्हाई, तर समदा कळप इकून टाकते." त्या वळून निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या फळ्या आतून ताणल्या. एकदा हललो असतो, तर कुणी खाली वाकून पाहिलं असतं. पण ज्या दिवशी हलायला हवं होतं, त्याच दिवशी मी अगदी स्थिर होतो.

भाद्रपदात ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेची तपासणी यायची होती. भिंतींना चुना द्यायला मला बाजूला सरकवलं. पोपटच्या केरसुणीला ते पत्र लागलं. त्यानं धूळ झटकली आणि उलटून पाहिलं.

"साहेब, ह्याच्यावर म्हाळसाकाकूचं नाव हाय."

सोपानरावांनी ते उभ्यानंच फोडून मोठ्यानं वाचलं. 'पाला आन् पिशव्या एका जागी टाकू नका. पाला माझी मेंढरं खातील. पिशव्या तुम्ही उचला. लेंडीखत पंचायतीच्या झाडांना देईन. उत्तर धाडा.'

"चूक माझी," पोपट पुटपुटला.

"तू इचारलं व्हतंस. 'घे' मी म्हणालो."

ते लगेच उत्तर लिहायला बसले. मी डुगडुगलो. पोपटचा हात सवयीनं कागदांच्या ढिगाकडे गेला.

"न्हाई. हलू दे त्याला." मग 'आपले पत्र मिळाले' एवढं लिहून त्यांनी तो कागद फाडला. "नुसतं लिवून काय उपेग? आधी काम."

ग्रामसभेत ठराव झाला. दवंडी पिटली. बाजारतळावर पिशव्यांसाठी पोती बांधली आणि पाल्यासाठी वेगळी ट्रॉली ठेवली. ओढ्याकडची वाट काट्या लावून बंद केली. म्हाळूमामा भाजीवाले भडकले. "पिशवी न्हाई दिली तर गिऱ्हाईक फुडच्याकडं जाईल!"

"मग फुडच्याकडची पन बंद करू," सोपानराव म्हणाले.

पहिल्या बाजारी पोत्यांत पाला आणि ट्रॉलीत पिशव्या निघाल्या. सोपानराव आणि पोपट स्वतः निवडत बसले. लोक हसले. तिसऱ्या बाजारी म्हाळूमामांनीच एका गिऱ्हाइकाला दटावलं, "घरनं पिशवी आणाय काय झालं?" ताजा पाला मेंढवाड्याकडे गेला, सडका खताच्या खड्ड्यात. ओढ्यातून पिशव्यांच्या अकरा ट्रॉल्या निघाल्या. पाणी अजून स्वच्छ झालेलं नाही, हेही सांगायला हवं.

मित्रांनो, टेबल डुगडुगलं तर त्याचा पाय नीट करा. हाताला लागेल तो कागद त्याच्याखाली सारू नका. त्यावर कुणाचं काय अवलंबून असेल, ते वरून कळत नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी सोपानराव पुन्हा माझ्यापाशी बसले. मी हलत होतो, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं आलं. त्यांनी लिहिलं, 'आपले पत्र दोन वर्षे टेबलाच्या पायाखाली होते. चूक माझी. पाला आणि पिशव्या आता वेगळ्या होतात. येऊन बघा, चुकले तर बोला. मेंढरं विकू नका.'

"द्या, पळत देऊन येतो," पोपट म्हणाला. "घर तर दिसतंय."

"टपालानं आलं व्हतं, टपालानंच जाईल."

सोपानराव स्वतः रस्ता ओलांडून गेले. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांनी पत्त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि पत्र लाल पेटीत टाकलं.