रोज लख्ख होऊन परतणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना जेवणाचा डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, कडीपाशी जरा चेपलेला. कारखान्यात यंत्राच्या एका दणक्यात माझा जन्म झाला. त्या दणक्याने आपण बहिरे झालो, असे माझी भावंडे सांगतात. मला मात्र सगळे ऐकू येते, आणि तेच माझे दुःख आहे.

विद्यापीठातल्या मुलांना डबे पुरवणाऱ्या एका काकूंनी आम्हा बारा जणांना विकत घेतले. दुपारी काकूंचे यजमान आम्हाला खोल्यांच्या दाराशी ठेवत, संध्याकाळी गोळा करत. खरकटे घेऊन येणाऱ्या भावंडांवरून काकूंची बडबड चाले. मी ज्याच्याकडे जाई, तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मात्र मला घासून-पुसून परत पाठवी. "असा गुणी मुलगा शोधून सापडायचा नाही," काकू म्हणत. ते कौतुक ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

पहिल्या वर्षी तो पोटभर जेवे, कडेला चिकटलेली शितेही सोडत नसे. मग खिडकीचा पडदा बंदच राहू लागला. वर्गात जाणे सुटले. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडे, फार झाले तर दोन बिस्किटे खाई. मला रोज एकदाच उघडी. आत काय आहे ते बघून आईला फोनवर सांगे, "हो, जेवलो ना. वाटाण्याची भाजी होती. मस्त होती." मग जेवण पिशवीत, पिशवी कचऱ्यात आणि मी नळाखाली. कोणी काही विचारू नये म्हणून तो मला इतका घाशी. त्या खोलीत आम्ही दोघे होतो आणि दोघेही एकटे होतो. बोलता आले असते, तर मी त्याच्या आईला सगळे सांगून टाकले असते.

एके दिवशी काकूंच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडले. अकरा डबे भाजीसकट परत आले. एकात चिठ्ठी होती, 'काकू, भाजीत समुद्र ओतला का?' काकू ओशाळून हसल्या. मग मला उघडून बघतच राहिल्या.

"अहो, ती भाजी मांजरानेसुद्धा हुंगून सोडली," त्या यजमानांना म्हणाल्या. "या पोराने संपवली कशी?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन काकू स्वतः आल्या. सोबत दोन ताटल्या होत्या.

"मी नंतर जेवतो, काकू," तो दारातूनच म्हणाला.

"नंतर नको रे. मलाही भूक लागलीय, आणि एकटीला जेवण जात नाही."

तो बसला. एक घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि रडू लागला. "गिळवत नाही, काकू. काहीच करवत नाही. आईला रोज खोटं सांगतो."

काकू रागावल्या नाहीत. "चूक माझीय," त्या म्हणाल्या. "डब्याचंच कौतुक करत बसले. तू कसा आहेस, ते बघायला आले नाही कधी."

त्याच दिवशी त्यांनी त्याच्या आईला फोन लावून दिला आणि त्याला विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे नेले. अजून तो पुरता बरा नाही. कधी दोन घास जातात, कधी अर्धा डबा.

मित्रांनो, शेजारच्या खोलीतून रोज नुसते "जेवलो" ऐकू येत असेल, तर ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसा. मी रोज त्या मुलासमोर होतो, पण मला त्याच्याबरोबर जेवता येत नव्हते. तुम्हाला येते.