मागच्या फरशीचे सांधे

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, तेव्हा शिंपी मागच्या अंगणातली फरशी खराट्याने घासत होता. ती घरी येणार होती आणि तिला शेवाळ खपत नसे. फोन ठेवल्यावर त्याने उरलेली फरशीही घासली. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

माणसं आली, गेली. मग मुलाने फोनवर घर विकायचं काढलं. गिऱ्हाईक आधी अंगण बघतं, घासून किती निघणार, पाण्याच्या झोताने धुणारं प्रेशर वॉशर घ्या, म्हणाला.

दुकानदाराने दोन मशीन पुढे ठेवली. एक हलकं, एक दणकट. मग विचारलं, फरशीच्या सांध्यांत काय भरलंय?

"बायकोने भरलंय."

"काका, बायको नाही, माल विचारतोय."

तो माल तिचा तिलाच ठाऊक. गुडघ्यांवर बसून, मोडक्या चमच्याच्या दांड्याने तिने एकेक सांधा दाबून भरला होता. माझ्यापेक्षा तुझी शिवण सरळ आहे, असं तो खिडकीतून चिडवायचा.

मग हलकंच न्या आणि लांबून मारा, नाहीतर सांधे निघतील, असं दुकानदार म्हणाला. शिंप्याने मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, उगाच हेलपाटे नकोत, मोठंच घ्या. शिंप्याने जन्मभर गिऱ्हाइकाचंच ऐकलं होतं. आता पोटचा पोरगाच गिऱ्हाईक झाला होता. त्याने मोठं घेतलं.

पहिल्या फरश्या नव्यासारख्या निघाल्या. त्याला जोर चढला. काळ्या कोपऱ्याशी त्याने नळी अगदी टेकवली. भिंतीवर काहीतरी तडतडलं. मशीन बंद करून पाहतो तर दोन ओळींचे सांधे पार उसवलेले. त्याने तुकडे वेचून बादलीत टाकले. एकावर चमच्याच्या दांड्याचा वळ होता.

"त्यात काय बाबा, मिस्त्री भरून देईल," मुलगा फोनवर म्हणाला.

"देईल की. पण तुझ्या आईच्या हातचं या घरात एवढंच उरलं होतं. बाकीचं तुम्ही सगळ्यांनी वाटून नेलंत."

मुलाने विचारलं, गिऱ्हाइकाला दाखवायला अंगणाचे फोटो कधी पाठवताय.

शिंप्याने मशीन खोक्यात घातलं. बादली मागच्या दारात आहे. सांधे भरायचे राहिलेत. मिस्त्रीला अजून सांगितलेलं नाही.