विहीणबाईंचा वसंत

दुकानातल्या गिऱ्हाइकांनी काहीही बोललेलं ओक्सुन ऐकून घ्यायची, पण पोटच्या पोरीनं "आई, तू शरद ऋतू आहेस" म्हटलं तेव्हा तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

"म्हणजे पानगळ?"

"अगं, रंगाचं म्हणतेय. प्रत्येकाचा एक ऋतू असतो. तुला विटकरी, तपकिरी रंग शोभतात. मी वसंत."

"वा गं वा! जन्म दिला मी, आणि वसंत तुझा?"

दान्बी हसत कामावर निघून गेली. जाताना दारातून पुन्हा बजावलंच, "परवा जेवायला येताना नीट ये. आणि दारूचं नाव काढायचं नाही हं, पाया पडते."

पाया पडण्यासारखंच प्रकरण होतं म्हणा. ओक्सुन कोरियातल्या जोन्जू शहरात माक्कॉली विकायची. तांदळाची ही पांढरी दारू ती स्वतः आंबवायची, स्वतः गाळायची, फक्त प्यायची नाही. थेंब पोटात गेला की अंगावर पित्त उठायचं. आणि होणारा जावई किह्युन निघाला कट्टर चर्चवाल्यांच्या घरातला! त्याची आई, नामबाई, म्हणजे चर्चमधली मोठी मानकरीण. त्या घरात दारूचा नुसता विषय निघाला तरी खिडक्या उघडतात, असं किह्युनच सांगायचा. म्हणून दान्बीनं तिकडे सांगून ठेवलं होतं, आईचा तांदळाचा धंदा आहे. खोटं म्हणावं तर खोटं नाही, पण खरं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

दोन्ही घरांचं ते पहिलं जेवण. ते बिनसलं तर लग्न बिनसलं. ओक्सुननं ठरवलं, तांदळाच्या मोठ्या व्यापारीणबाईंसारखं दिसायचं, आणि तेही वसंतातच.

जेवणाच्या दिवशी सकाळी तिनं आरशाशेजारी फोन टेकवला आणि यंदाच्या वसंताचा मेकअप शिकवणारी एक मुलगी लावली. आता चष्मा लावून डोळ्यांना रंग लावता येतो का? नाही. म्हणून चष्मा काढला. चष्मा काढल्यावर फोनवरची अक्षरं दिसतात का? तीही नाही. मग काय, बाईंनी कानांवर भरवसा ठेवला.

"गुलाबी रंग गालांवर नाही लावायचा," मुलगी म्हणाली. "डोळ्यांच्या अगदी खाली लावा. तिथून नाकावरून पलीकडे न्या. ओठ मधोमध लाल, कडा पुसट. डोळे जरा ओलसर दिसू देत."

ओक्सुनचा हात मुळात सढळ. एक थर दिला, दिसेना. दुसरा दिला. तिसरा आपला आनंदाचा. नाकाच्या शेंड्यालाही थोडा लावला, कारण शेंडा तेवढा उपाशी का ठेवायचा? वरती मोठ्या अक्षरांत 'हँगओव्हर मेकअप' असं लिहिलेलं होतं, पण ते वाचणार कोण.

हॉटेलातल्या त्या खासगी खोलीचं दार सरकलं आणि ओक्सुन आत आली. दान्बीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई! हे काय केलंस?" ती कानाशी कुजबुजली.

"वसंत," ओक्सुन ठसक्यात म्हणाली.

"वसंत कसला! रात्रभर पिऊन आल्यासारखी दिसतेयस!"

ओक्सुननं पर्समधला रुमाल चाचपला. पण तोंड लपवायला वेळच कुठे होता? किह्युनच्या वडिलांनी हात जोडून डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. ते एकेका ताटलीबद्दल देवाचे आभार मानत होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या. ओक्सुननं हळूच वर पाहिलं, तर नामबाई एक डोळा उघडून तिच्या नाकाकडे टक लावून बघत होत्या.

प्रार्थना संपताच नामबाईंनी वाढणारीला हाक मारली. "यांच्यासाठी आधी मोड आलेल्या सोयाबीनचं सूप आण. चांगलं गरम."

झालं! ते सूप रात्रीच्या दारूवर उतारा म्हणून पितात, हे जोन्जूत शेंबडं पोरही सांगेल. किह्युननं पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवेचना.

"विहीणबाई," नामबाई उठल्या, "चला, जरा तोंडावर पाणी मारून येऊ."

आता ही बाई नळापाशी लग्न मोडणार, या धास्तीनं ओक्सुन पर्स छातीशी धरून मागोमाग निघाली. मेल्या वसंता, माझ्याच पोरीच्या मुळावर आलास! नामबाईंनी बाथरूमची कडी लावली. जवळ आल्या. हुंगलं.

"पर्समध्ये आहे का अजून?"

"क... काय?"

"घोटभर तरी उरली असेल की!"

हा सापळाच आहे, अशी ओक्सुनची खात्री पटली. "देवाशप्पथ, मी पीत नाही हो! हा नुसता रंग आहे!" तिनं रुमाल ओला करून खसाखसा तोंड पुसलं. अर्धा वसंत रुमालावर आला.

नामबाईंचा चेहरा इतका पडला की ओक्सुनलाच वाईट वाटलं.

"रंगच निघाला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, देवानं एक तरी माझ्यासारखी विहीण दिली. माहेरी आमच्याकडे माक्कॉली घरी करायचे हो. इथे कधी चोरून वाटीभर घेतली, की गाल असे पेटतात! मग चुलीच्या धगीचं निमित्त सांगत दिवसभर स्वयंपाकघरात बसायचं."

ओक्सुननं एक मोठा श्वास घेतला. जे व्हायचं ते होऊ दे.

"माझा तांदळाचा धंदा आहे ना... तो तांदूळ मी भिजवते, वाफवते, आंबवते, आणि मग..."

"मग?"

"गाळते."

नामबाईंनी भिंतीला हात टेकला. "आणि हे आमच्यापासून लपवलंत?"

"पोर घाबरली. तुम्ही लग्न मोडाल म्हणून."

"मोडेन बरी! या लग्नाआड कोण येतंय तेच बघते!" त्यांनी ओक्सुनच्या पर्सकडे बोट दाखवलं. "तो रंग आहे ना जवळ? काढा, आणि मला लावा. तुम्हाला होता अगदी तस्सा. नाकावरसुद्धा."

दोघी परत आल्या तेव्हा सूप निवत चाललं होतं. किह्युनच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं.

"हे काय झालंय तुला?"

"यंदाची फॅशन आहे. वसंत म्हणतात याला," नामबाईंनी सूप आपल्याकडे ओढून घेतलं. "आणि आजच सांगून ठेवते, मला हा बारा महिने राहणार आहे."