अडोनिसच्या नावानं

नवरा गेल्यावर बाईनं रडावं, एवढी साधी रीत, पण लिसिलाला तेवढंही जमलं नव्हतं. फानिआसला जाऊन चाळीस दिवस झाले होते. गल्लीतल्या बायका तोंडावर काही बोलत नव्हत्या, पाठीमागे मात्र सगळं बोलून झालं होतं.

करायचं ते तिनं सगळं केलं होतं. दिरानं पिरेअसच्या बंदरावरून खेचरगाडीत घालून भावाला घरी आणला तेव्हा ती पाणी घेऊन धुवायला बसली, तर प्रेत आधीच कुणीतरी धुतलेलं. नखं काढलेली, दाढी विंचरलेली, अंगाला चांगल्यातल्या तेलाचा वास. कुणीतरी म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं? बंदरावरची ती सामोस बेटाची बाई. लग्नानंतर जेमतेम तीन वर्षं तो घरात नांदला, पुढची अकरा वर्षं त्या बाईकडे. इथे यायचा तो सणावाराला, पाहुण्यासारखा. लिसिलानं त्याला पुन्हा धुतला, खसाखसा धुतला, आणि तेव्हा डोळ्यांतलं पाणी जे आटलं ते आटलंच.

तिला एकच गोष्ट हवी होती. मरताना त्याला आपली आठवण झाली का, एवढंच कळायला हवं होतं. झाली नसेल तर तसं कळू दे, म्हणजे सुटले. पण विचारणार कुणाला? दिराला विचारलं तर तो म्हणाला, "मी पोचलो तेव्हा संपलं होतं, वहिनी." सांगू शकणारी एकच होती, आणि तिचं तोंड बघायची लिसिलाची तयारी नव्हती.

तेवढ्यात अडोनिसचा सण आला. ऐन उन्हाळ्यात बायका फुटक्या मडक्यांत सॅलडच्या पाल्याचं बी आणि बडीशेप पेरतात, मडकी छतावर ठेवतात, आठ दिवसांत कोंब येतात आणि उन्हानं माना टाकतात. मग अडोनिस मेला म्हणून सगळ्यांनी मिळून रडायचं. देखणा पोरगा, त्याच्यावर दोन देवींचा जीव. एक वरची, प्रेमाची, आफ्रोदिते, आणि एक पाताळातली. वर्षाची वाटणी करून दिली तरी दोघींचं भागेना. शेवटी आफ्रोदितेच्या मत्सरी याराला बघवलं नाही आणि त्यानं पोराच्या अंगावर रानडुक्कर घातलं. देवांचं बरं असतं, भांडणं त्यांची आणि जीव दुसऱ्याचा.

"या वर्षी तुझ्या छतावर," शेजारची तिमोमावशी म्हणाली. ती सत्तरीची, तोंडानं फटकळ. "घरात नाही रडलीस, निदान अडोनिससाठी तरी रड. लोकांची तोंडं बंद होतील."

"मावशी, मला जमायचं नाही."

"न जमायला काय झालं? मला तर नवरा जिवंत असताना जमायचं."

ऊन उतरायला लागलं तशा बायका शिडीनं वर आल्या. मडकी मांडली, मेणाचा छोटा अडोनिस पानांवर निजवला, छाती बडवून गळे काढायला सुरुवात केली. अर्ध्या जणी रडता रडता अंजीर खात होत्या. लिसिला कठड्याला टेकून कोरडी बसली होती.

शेवटी एक अनोळखी बाई वर आली. हातात मडकं, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. सणाला कुणीही कुणाच्या छतावर जातं, म्हणून कुणी विचारलं नाही. ती बाहुलीपाशी बसली आणि रडायला लागली, पण असं की बाकीच्यांचे घास तोंडातच राहिले. तिच्या रडण्यात अडोनिसचं नाव नव्हतंच. ती म्हणत होती, "घर खायला उठतंय रे, तुझी चप्पल अजून दारात आहे." पदर सरकला, आणि डोक्यावरचे केस आखूड कापलेले दिसले.

तिमोमावशी पुटपुटली, "केस घरचं माणूस गेल्यावर कापतात, अडोनिससाठी कापलेले मी तरी आजवर बघितले नाहीत." मग तिनं लिसिलाच्या चेहऱ्याकडे बघितलं, काय समजायचं ते समजली, आणि "चला गं, माझ्या छतावरची मडकी राहिलीत," म्हणत सगळ्यांना खाली हाकलून नेलं.

छतावर दोघीच उरल्या.

"माझं नाव मीका," ती बाई म्हणाली. बोलण्यात बेटावरचा हेल. "हाकलून द्या हवं तर."

"लाज नाही वाटली यायला?"

"वाटली. तीनदा गल्लीतून परत गेले." तिनं डोळे पुसले. "नात्यातली नाही आणि साठीच्या आतली, म्हणून मयताच्या घरी मला पाऊल टाकता येत नाही. तुमच्या शहराचा कायदा. तिरडीमागून चालता येत नाही. मग कुठे रडू? अडोनिसच्या नावानं रडायला कायदा आड येत नाही म्हणून आले. त्याच्या घराचं छत आहे."

लिसिलाला तिला शिडीवरून ढकलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण तोंडातून वेगळंच निघालं. "शेवटी काही बोलला का तो?"

मीकानं पदर पुन्हा डोक्यावर ओढला. "ते नका विचारू."

"सांग. माझी आठवण काढली नाही ना?"

"लिसिला," ती बाई म्हणाली, आणि लिसिला दचकलीच. भल्या घरच्या बाईचं नाव चारचौघांत कुणी उच्चारत नाही. ती अमक्याची लेक, तमक्याची बायको. वडील गेल्यापासून तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. फानिआस तर घरात नुसतं "अगं ए" म्हणायचा.

"तुला कुणी सांगितलं हे नाव?"

"सांगायला कशाला हवं? मला याच नावानं हाक मारायचा तो. झोपेत, तापात, रागावला की. आधी भांडले, मडकी फोडली. तो शपथेवर म्हणायचा, चुकून येतं गं तोंडात. शेवटचे चार दिवस मी उशाशी बसून होते, आणि तो मला लिसिला, लिसिला म्हणत गेला. माझं नाव एकदाही नाही." मीका आता त्याच्यासाठी रडत नव्हती, स्वतःसाठी रडत होती. "फार द्वेष केला मी तुमचा."

अकरा वर्षं जिच्यावर जळलो, ती बया आपल्याच नावानं नांदत होती. आणि आपण इथे, या घरात, बिननावाच्या. हसावं की हिला मारावं, हेच लिसिलाला कळेना. बाजूच्या छतावरून बायकांचा सूर येत होता.

"एकदा म्हणून दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"माझं नाव. तो म्हणायचा तसं."

मीकानं तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि पेंगुळलेल्या, जराशा चिडक्या आवाजात, शेवटचा स्वर ओढत म्हणाली, "लिसिला..."

"ओ," लिसिला म्हणाली, आणि मग तिचं रडू काही केल्या थांबेना.