रिकामी जागा

रोवेनाने डब्यातली चिठ्ठी उलगडली आणि हसून परत टाकली. पुन्हा ‘मोगरी’च, म्हणजे लाकडी हातोडा. होबार्टच्या प्रदर्शनातही निम्म्या लोकांनी तेच लिहिलं होतं.

वडील गेल्यावर ॲडलेडचं घर विकायला निघालं, तेव्हा तिने मागच्या शेडमधली हत्यारांची भिंत अख्खीच्या अख्खी कापून घेतली आणि कलाकृती म्हणून कलादालनात उभी केली. करवत, पाने, पकडी, प्रत्येकाभोवती वडिलांनी काळ्या रंगाने रेघ मारलेली. संध्याकाळ झाली की जे ते आपापल्या जागी गेलंच पाहिजे, हा त्यांचा कायदा होता.

एकच आकार रिकामा होता. वरच्या बाजूला, गोल डोक्याचा, आखूड जाड दांड्याचा. एका समीक्षकाला त्यात साऱ्या देशाचं दुःख दिसलं, आणि तेव्हापासून लोक त्याच्यासमोर उगाच गंभीर होऊन उभे राहत. रोवेनाला मात्र ते हत्यार हवं होतं; म्हणूनच ते कोणतं असेल हे लोकांनी लिहून टाकावं यासाठी तिने भिंतीपाशी डबा ठेवला होता. तिला आठवतं तेव्हापासून शेडच्या दाराशीच थांबावं लागे. आत आपल्याला जागा नव्हती, हे तिला अजून सलत होतं. निदान तिथली एकूण एक वस्तू तरी ओळखीची व्हावी, एवढाच तिचा हट्ट होता.

ॲडलेडच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जुना शेजारी डेस आला, इस्त्रीचा शर्ट घालून. ती त्याला हाताला धरूनच भिंतीपाशी घेऊन गेली.

“डेसकाका, खरं सांगा. हे तुम्हीच उसनं नेलंत ना? अर्धी शेड तर तुमच्याकडेच असायची.”

डेसने बिअरची बाटली खाली ठेवली आणि मान वर करून तो आकार न्याहाळला.

“हत्यार कसलं, पोरी? तो तुझा हात आहे.”

मग त्याने सांगितलं. ती तीन वर्षांची असेल. वडील रेघा मारत होते आणि हिने भोकाड पसरलं, माझीही काढा. डेसने तिला उचलून धरलं. पण बाईसाहेब मूठ उघडेनात, कारण वडील सकाळपासून शोधत होते तो स्क्रू त्या मुठीत होता. शेवटी त्यांनी मनगटापासून मुठीभोवतीच रेघ मारली.

“पुढे तू छिन्नीने बोट कापून घेतलंस. तुझा बाप असा घाबरला की तुला शेडच बंद केली. मी म्हटलं, ती जागा रिकामी आहे तर माझी कुऱ्हाड टांगू दे. तर म्हणाला, रिकामी नाहीये ती.”

रोवेनाचे डोळे भरून आले. तिने बाही वर सारली, टाचा उंचावल्या आणि मिटलेली मूठ त्या आकारावर ठेवली. मूठ चहूबाजूंनी रेघेबाहेर येत होती.

दाराजवळची नवी स्वयंसेविका लगबगीने आली.

“बाई, हात लावायचा नाही, प्लीज.”

“असू दे,” डेस म्हणाला. “संध्याकाळ झाली. हत्यार जागेवर ठेवतेय ती.”